तिसरा मुलगा कसा आहे ते बघा

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या मेळाव्यात अमेरिकन फुटबॉलवर बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. आपल्यापैकी बऱ्याच घरांची शुक्रवारची संध्याकाळ आता शाळेच्या स्टेडियमवर जाते. कुणाचं पोर बँडमध्ये, कुणाचं मैदानात. माझा मुलगा तीन वर्षं गार्ड खेळला, म्हणून लाइनबद्दल, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या थोराड मुलांच्या फळीबद्दल, जरा जास्त बोलेन.

डिसेंबरात मुलं कॉलेजांशी करार करतात, तेव्हा सगळीकडे एकच चर्चा असते: टेक्ससमधून यंदा फाइव्ह-स्टार, म्हणजे पाच ताऱ्यांची सर्वोच्च श्रेणी मिळालेले, किती? मला हा हिशेब अपुरा वाटतो. एखादा असामान्य मुलगा कुठल्याही राज्यात निपजतो. मी प्रत्येक पोझिशनवरचा, म्हणजे मैदानातल्या जागेवरचा, तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा बघतो. तोही तोलामोलाचा असेल, तर ती पोझिशन त्या राज्यात खरोखर पिकते.

२०२५मध्ये कॉलेजात गेलेली बॅच घ्या. ऑफेन्सिव्ह टॅकल म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीच्या टोकाचा खेळाडू. त्यांच्यात लुइसव्हिलचा मायकल फासूसी ओक्लाहोमाला गेला, डेंटन रायनचा टाय हेवूड मिशिगनला, मेस्कीट हॉर्नचा लॅमॉन्ट रॉजर्स मिझुरीला. तिघेही आपल्या डॅलस परिसरातले! टॅकल घडवणं किती कठीण असतं, हे कुंपणाशी उभं राहिल्यावर कळतं. डावा टॅकल मागे सरकतो तेव्हा फक्त त्याचे पाय बघा. कंबर खाली, हात छातीसमोर, बाहेरचा पाय जमिनीलगत मागे, आतला त्याच्यामागोमाग. पाय एकमेकांत गुंतले की संपलं. समोरच्या संघाचा एण्ड, म्हणजे टोकाचा बचावपटू, त्याला वळसा घालून थेट क्वार्टरबॅकवर. एवढ्या थोराड अंगाला एवढी हलकी पावलं, आणि तशी तीन मुलं एकाच वर्षी एकाच परिसरात. याला मी भरगच्च पोझिशन म्हणतो.

रिसीव्हरचं, म्हणजे फेक झेलणाऱ्यांचं, तर विचारूच नका. डंकनव्हिलचा डकोरियन मूर ऑरेगनला, सॅक्सीचा कलीक लॉकेट आणि लव्हजॉयचा डेलन मॅककचन टेक्सस विद्यापीठाला. मूरचाच शाळासोबती क्वार्टरबॅक कीलन रसेल अलाबामाला. याचं मूळ सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या खेळात, आहे. टेक्ससमध्ये १९९८पासून त्याची राज्यस्पर्धा होते. लाइन नाही, टॅकलिंग नाही, नुसती फेक आणि झेल. उन्हाळाभर हेच केल्यावर हात आणि नजर तयार होणारच, आणि त्यांना अडवणारे बचावपटू, म्हणजे कॉर्नर-सेफ्टीही. ह्यूस्टनच्या नॉर्थ शोअरचा डेव्हिन सांचेझ ओहायो स्टेटला गेला, तो अशांपैकीच कॉर्नर.

क्वार्टरबॅकची पोझिशन किती भरगच्च आहे, याचा पुरावा स्टारच्या यादीत शोधू नका. टायलरजवळच्या व्हाइटहाउसचा पॅट्रिक महोम्स शाळेत असताना थ्री-स्टार होता. २०२३ आणि २०२५, दोन्ही वर्षींच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, एकीकडे तो आणि दुसरीकडे चॅनलव्ह्यूचा जेलन हर्ट्स. दोघेही टेक्ससच्या शाळांतले.

आता उणीव. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या फळीतला मधला खेळाडू. इथे माझा तिसऱ्या मुलाचा निकष लावला की टेक्ससची यादी फार लवकर आटोपते. टेक्सस विद्यापीठाने त्या वर्षी काय केलं बघा: जस्टस टेरी जॉर्जियातून, मायरन चार्ल्स फ्लोरिडातून, जोसाया शर्मा कॅलिफोर्नियातून. फुटबॉलवर एवढा जीव टाकणाऱ्या राज्यातल्या विद्यापीठाला आतली फळी भरायला तीन राज्यांची दारं ठोठवावी लागली. माझा अंदाज असा, की इथल्या शाळा चेंडू इतका फेकतात की थोराड मुलगा दिसला रे दिसला, की कोच त्याला क्वार्टरबॅकच्या रक्षणाला लावतात. मधल्या गर्दीत दोघांशी एकाच वेळी झुंजणारं पोर मग उरतं कुठे? आणि सेव्हन-ऑन-सेव्हनच्या उन्हाळ्यात त्याला जागाच नसते.

ही गोष्ट मला मनापासून लागते, कारण लाइनवरच्या मुलाचं नाव लाउडस्पीकरवर सहसा येतं ते दंड झाला तरच. माझ्या मुलाच्या बोटांना सामन्यानंतर पट्ट्या असायच्या, नखाखाली रक्त साकळलेलं असायचं. घरी आल्यावर त्याची आई कोमट पाण्यात त्या पट्ट्या सोडवायची. नातेवाईक फोनवर विचारायचे, "गोल किती केले?"

तर पुढच्या शुक्रवारी स्टेडियमवर याल तेव्हा पहिले तीन ड्राइव्ह, म्हणजे एका संघाकडे चेंडू असतानाचे तीन डाव, चेंडूकडे बघू नका. पन्नास ते एकोणऐंशी नंबरांची, म्हणजे लाइनमधली, मुलं बघा. मी घरच्या बाजूला, वीस यार्डाच्या रेषेसमोर कुंपणाशी उभा असतो. या, मिळून बघू.