आईकडून आलेलं जनुक, दंडावर मोजलेला दाब

मंडळी, स्मृतिभ्रंशावर कुठेही बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "माझ्या आईला होता, मग मलाही होणार का?" बीपीचा मेंदूशी काय संबंध, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आज या दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत, कारण आईकडून आलेलं जनुक आणि वाढलेला रक्तदाब मेंदूत एकाच जागी येऊन भिडतात. ती जागा म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या.

आधी पुरवठ्याचा हिशेब पाहू. मेंदूचं वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातलं पाऊण लिटर एकट्या मेंदूला जातं. शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो वापरतो आणि शिलकीत जवळपास काहीच ठेवत नाही. रक्त पूर्ण थांबलं की दहाएक सेकंदांत शुद्ध जाते.

हे रक्त मेंदूत दोन वाटांनी पोचतं. बाहेरच्या करड्या थराला जाणारी धमनी फांद्या फुटत फुटत बारीक होते, त्यामुळे वाटेत दाब उतरत जातो. खोल भागाचं तसं नाही. तिथे तीनेक मिलिमीटरच्या मोठ्या धमनीतून, जवळजवळ काटकोनात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक फांद्या थेट निघतात. पंपाच्या अगदी शेजारी बारीक नळी जोडली तर तिच्यावर पाण्याचा पूर्ण जोर येईल, तशी त्यांची गत. शिवाय त्यांना पर्यायी वाट नाही. एक बुजली की तिच्यावर जगणारा भाग उपाशी राहतो.

वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की या वाहिन्यांची भिंत जाड आणि ताठ होते, आतली पोकळी अरुंद होते. एखादी पूर्ण बंद पडली तर ३ ते १५ मिलिमीटरचं छोटं भगदाड उरतं. त्याला लॅक्यून म्हणतात. पूर्ण बंद न पडता रक्त नुसतं कमी पडत राहिलं, तर मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या तंतूंवरचं वेष्टण झिजतं आणि एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात. यातलं बरंचसं गाजावाजा न करता घडतं. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही.

वय वाढतं तशी महाधमनीही ताठ होते. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याला फुगून धक्का पोटात घेते. ताठ झाल्यावर तो धक्का तसाच पुढे मेंदूपर्यंत जातो. साठीनंतर वरचा आकडा १६० आणि खालचा ७० असं दिसलं की "खालचा नॉर्मल आहे ना" म्हणून समाधान मानू नका. दोन आकड्यांमधलं हे ९०चं अंतरच धमनी ताठ झाल्याचं सांगतं.

घरच्यांना हे कशात दिसतं? अल्झायमरमध्ये माणूस तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारतो आणि आठवण करून दिली तरी बहुतेकदा आठवत नाही. बारीक वाहिन्यांच्या आजारात आठवण बरीचशी शाबूत असते, फक्त ती वर यायला वेळ लागतो. "अहो, तो तुमच्या ऑफिसातला, साताऱ्याचा," असं सुचवलं की नाव आठवतं. बिघडते ती आखणी. महिन्याचा हिशेब ज्या माणसाने अर्ध्या तासात उरकला असता, त्याला आता दोन दिवस लागतात. चार भाज्यांचा स्वयंपाक एका वेळी सांभाळणारी बाई एकेक गॅस बंद करत काम करते. पावलं आखूड पडतात, लघवीची घाई होते, पूर्वीच्या आवडींत रस उरत नाही. घरात याला "वय झालं" म्हणतात, आणि नेमकी इथेच बरीच वर्षं हातची जातात.

ओटो बिन्सवांगर या मनोविकारतज्ज्ञांनी रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या या ऱ्हासाचं वर्णन १८९४ साली केलं होतं. अलोइस अल्झायमर यांनी त्यांचा प्रसिद्ध रुग्ण १९०६ साली मांडला. पुढे बराच काळ हे दोन आजार वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवले गेले. प्रत्यक्षात म्हाताऱ्या मेंदूत ते बहुधा एकत्र नांदतात. अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींवर (नन) झालेल्या अभ्यासाचे १९९७ सालचे आकडे म्हणूनच मला फार महत्त्वाचे वाटतात. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा पुरेशा सापडल्या, त्यांच्यापैकी मेंदूत एकही इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला भाग) नसलेल्या ५७ टक्के जोगिणींना हयातीत स्मृतिभ्रंश होता. खोल भागात एक-दोन लॅक्यून असलेल्यांत हेच प्रमाण ९३ टक्के होतं. खुणा दोघींकडेही होत्या. त्यांचा आजार कधी उघड होणार, यात त्या छोट्या भगदाडांचा मोठा वाटा होता.

आता जनुकांकडे येऊ. चाळिशी-पन्नाशीतच सुरू होणारा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अल्झायमर एपीपी, पीएसईएन१ आणि पीएसईएन२ या तीन जनुकांतल्या बदलांनी होतो. त्यात प्रत्येक मुलाला वारसा मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण असे रुग्ण एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहूनही कमी आहेत. आईला पंचाहत्तरीत विसर पडू लागला असेल, तर बहुतेक वेळा हा प्रकार नसतो.

बाकीच्यांमध्ये सर्वांत वजनदार जनुक म्हणजे १९व्या गुणसूत्रावरचं एपोई. त्याचं प्रथिन चरबी वाहून नेणारं आहे. रक्तात ते कोलेस्टेरॉलची ने-आण करतं. मेंदूत रक्तातलं कोलेस्टेरॉल शिरत नाही, तिथे आधारपेशी ते स्वतः तयार करतात आणि एपोई ते चेतापेशींना पोचवतं. २९९ अमिनो आम्लांच्या या साखळीत ११२ आणि १५८ या दोनच जागी फरक पडतो आणि त्यावरून ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार होतात. ई४ असेल तर अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा निचरा मंदावतो. त्याच वेळी रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही, सरासरीने थोडं वाढतं आणि मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर कमकुवत होतं. म्हणजे हे एकच जनुक हृदय, रक्तवाहिन्या आणि मेंदू तिन्हीकडे हात घालतं. "हे हार्टचं की ब्रेनचं?" हा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

ई४ची एक प्रत असेल तर अल्झायमरची जोखीम सुमारे तिप्पट आणि दोन असतील तर आठ ते बारा पट, हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. आपल्याकडे हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला. तिथे ई४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं. नायजेरियातल्या इबादानमध्ये याच जनुकाचा परिणाम फिका दिसला. त्यामुळे "टेस्ट करून घेऊ का?" या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. लक्षणं नसताना कुतूहलापोटी ही तपासणी करू नका. अमायलॉइड हटवणारी नवी इंजेक्शनं सुरू करायची असतील तर मात्र ती हवीच, कारण ई४च्या दोन प्रती असलेल्यांना त्या औषधांनी मेंदूत सूज येण्याचा आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो.

जनुक असूनही हातात काय उरतं? २०१९ साली ब्रिटनमधल्या साठीपुढच्या १,९६,३८३ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आनुवंशिक जोखीम जास्त असलेल्यांपैकी ज्यांची राहणी चांगली होती, त्यांच्यातल्या १.१३ टक्के लोकांना सुमारे आठ वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. राहणी वाईट असलेल्यांत हेच प्रमाण १.७८ टक्के होतं. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, तेव्हा कार्यकारणाचा दावा जपून करावा लागतो. प्रयोग हवा असेल तर त्याच वर्षीचा स्प्रिंट-माइंड पाहा. पन्नाशीपुढचे ९३६१ लोक, एका गटाचा वरचा दाब १२०च्या खाली आणायचा, दुसऱ्याचा १४०च्या खाली. पहिल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी झाला. पूर्ण स्मृतिभ्रंशही १७ टक्क्यांनी कमी दिसला, पण तेवढ्या संख्येवर ते ठाम सिद्ध झालं नाही. या प्रयोगात मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले लोक नव्हते, आणि दाब मोजण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं शांत बसवलं जात होतं.

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. आपण दाब मोजतो तो जिना चढून येऊन, बाहीवरूनच पट्टा बांधून, बोलता बोलता. त्या आकड्यावरून औषध वाढवणंही चूक आणि थांबवणंही चूक. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नको. लघवीला जाऊन या, कारण भरल्या मूत्राशयानेच आकडा दहाने वर जाऊ शकतो. खुर्चीला पाठ टेका, पाय जमिनीवर सपाट ठेवा, मांडी घालू नका. पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, टेबलावर, हृदयाच्या पातळीत. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे जास्त आकडा येणारा हात धरा. सकाळी औषधाआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब.

हे काम चाळिशीत सुरू व्हायला हवं, कारण मेंदूवर डाग पाडतात ती मधल्या वयातली वीस-पंचवीस वर्षं.

घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक चरबीकण) या दोन तपासण्या करून घ्या. दुसरी आयुष्यात एकदा पुरते. ती पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जोखीम वाढते. एलडीएल १९०च्या वर असेल तर घरातल्या सगळ्यांची, मुलांचीसुद्धा तपासणी हवी. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं धरायचं. पापडखारातही सोडियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियमयुक्त मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि आपल्याकडच्या बायकांना "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "मिश्री लावता का?" हे वेगळं विचारावं लागतं.

मनगटावरची नाडीही पाहायला शिका. ठोके कसलाही ताल नसल्यासारखे, कधी लवकर कधी उशिरा पडत असतील तर ईसीजी काढा. अशा बेताल ठोक्यांच्या आजारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ ठेवणारं योग्य औषध घेतलं तर तो बराच कमी करता येतो.

सत्तरीपुढच्यांसाठी एक वेगळी मोजणी आहे. पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर उभं राहताना मेंदूला रक्त कमी पडू शकतं. अशा वेळी बीपीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. प्रोस्टेटची, झोपेची आणि लघवी वाढवणारी औषधं कोणती चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा, कारण दोष त्यांच्यातल्या एकाकडे असू शकतो. दाबाच्या वहीत एक जादा रकाना आखा आणि वर लिहा: उभं राहून.