डावी पुडी खंय गेली?

[दृश्य: मालवण तालुक्यातलं घर. माटवीला बांधलेली कवंडाळं, हरणाची फुलं. खळ्यात चपलांचा ढीग.]

गणपतीची तिसरी रात्र. काळ्या वाटाण्याची उसळ नि पाव खाऊन भजनवाले पुढच्या घरी गेलेत. पडवीत उरलेत दोघे चुलतभाऊ. थोरला मुंबईचा चाकरमानी, पन्नाशीला टेकलेला. धाकटा कुडाळला कॉलेजात जातो. वाद दरवर्षीचाच. मेटॅलिका हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड आधीचा भारी, की नंतरचा?

तुम्हाला वाटेल, थोरला जुन्याची बाजू घेत असणार. इथे उलटं आहे.

थोरला दहावीत असताना बोटीवरच्या मामाने एक कॅसेट आणली. 1991 च्या ऑगस्टमध्ये आलेला, काळ्या कव्हरमुळे सगळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात तो. पावसाळ्यात टेपला बुरशी धरायची, म्हणून कॅसेट राहायची तांदळाच्या डब्यात. फीत सैल झाली की पेन्सिल घालून फिरवायची. लाईट गेली की सेल घालून ऐकायची. कुणाची तरी गिटार त्याने रात्रीपुरती मागून आणली, आणि ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची सुरुवात त्याच रात्री त्याच्या हातातून वाजली. कारण ती मोकळ्या तारांवर आहे, डाव्या हाताने काही दाबावंच लागत नाही.

[दृश्य: थोरल्याची बोटं, सहा तारा. मागे रातकिडे.]

त्याचा बँड तिथे सुरू होतो. निर्माता बॉब रॉकबरोबर त्यांनी गाणी आखूड केली, चाल संथ केली. जुने चाहते चिडले. पण ह्या संथपणामुळेच ते गाणं आपल्या पडवीपर्यंत आलं, असं थोरला मनापासून सांगतो.

धाकट्याला बँड भेटला 2022 मध्ये, एका वेबसिरीजमधून. गाणं मात्र 1986 चं, ‘मास्टर ऑफ पपेट्स’, साडेआठ मिनिटांचं. तिथून तो मागे मागे गेला, 1984 चा ‘राइड द लायटनिंग’, 1983 चा ‘किल एम ऑल’. म्हणजे ह्या घरात जुनं संगीत नव्यानंतर तीस वर्षांनी आलं. धाकटा मोबाईलवर बँडच्या गायक-गिटारवादक हेटफिल्डचा उजवा हात दाखवतो. एवढा वेग, आणि जवळजवळ प्रत्येक फटका वरून खाली. “ब्लॅक अल्बम लग्नात लावूक बरो,” तो म्हणतो. थोरल्याला हे लागतं. तो विचारतो, “तुझ्या त्या वेगात श्वास खंय घेवचो?”

दोघेही रेघ मारतात ती 1991 वर. अलीकडे एक, पलीकडे एक. तीन रात्री त्यांच्यासोबत बसून मला मात्र वाटायला लागलं की रेघ पाच वर्षं आधीची आहे. 27 सप्टेंबर 1986. त्या दिवशी पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेस, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत जाणणारा, बाख मनापासून ऐकणारा माणूस. पहिल्या तिन्ही अल्बममध्ये वेगाच्या पोटात जे सुरेल, रुंद मैदान अचानक उघडतं, त्यात मला त्याचा हात दिसतो.

हे मला कळलं ते धाकट्याच्या वडिलांमुळे. थोरल्याचे हे काका पन्नास वर्षं भजनात पखवाज वाजवतायत.

[दृश्य: ताटलीत भिजवलेली कणीक. काकांचा अंगठा ती पखवाजाच्या डाव्या पुडीवर, खर्ज देणाऱ्या तोंडावर, थापतोय. एक थाप. घुमारा. पुन्हा चिमूटभर कणीक.]

धाकट्याने 1988 चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ लावला होता. बर्टननंतरचा पहिला पूर्ण अल्बम. गिटारी धारदार, ड्रम टणक, गाणी लांबलचक. बर्टनच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्सिंगमध्ये इतका दाबलाय की जवळजवळ ऐकूच येत नाही. काकांनी दोन मिनिटं ऐकलं नि मान वर केली.

“ह्येची डावी पुडी खंय गेली रे?”

इंग्रजीचा शब्द न कळणाऱ्या माणसाने गाण्यातली रिकामी जागा बरोबर दाखवली.

[दृश्य: दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात.]

पुढे 1996 चा ‘लोड’ आला. 2003 च्या ‘सेंट अँगर’चा स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, त्यात गिटारचा एकही सोलो नाही. त्या काळाबद्दल दोघांचं भांडण नाही, आणि मलाही त्यात रस नाही.

मी धाकट्याला ‘ओरायन’ लावायला सांगितलं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधली साडेआठ मिनिटांची, शब्द नसलेली रचना. बर्टनच्या अंत्यविधीला हीच वाजवली होती. मध्यावर सगळं थांबतं आणि एकटा बेस चालायला लागतो, सावकाश, पाळण्यासारखा. थोरला पुढे सरकला. एवढं संथ, एवढं मोकळं, आणि तेही त्याच्या ब्लॅक अल्बमच्या पाच वर्षं आधी. धाकटा काही बोलला नाही.

काकांचा अंगठा कणकेवर थांबला होता.

“हो वाजवता तो झील आता खंय असता?”

थोरला म्हणाला, “चोविसाव्या वर्षीच गेलो, काका.”

काकांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला. “पयल्यापासून लाव,” ते म्हणाले.

[दृश्य: समईची ज्योत. ‘ओरायन’ नाही, फक्त पडवीतले आवाज. हळूहळू काळोख.]