रोममधले २७ महिने

'धर्मश्रद्धेमुळे जगात शांतता नांदेल का?' असा प्रश्न संयोजकांनी पत्रिकेवर छापला आहे. या प्रश्नाचं 'नाही' हे उत्तर द्यायला व्याख्याता बोलावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. (हशा) पण नुसतं 'हो' म्हणण्याचीही माझी तयारी नाही.

आधी एक तक्रार. सर्वधर्म परिषदांचा एक ठरलेला साचा आहे. समई, पाच धर्मांचे पाच प्रतिनिधी, प्रत्येकाचं 'आमच्या धर्मात हिंसेला थारा नाही', मग संयुक्त निवेदन आणि जेवण. या व्यासपीठावर भांडणारी माणसं कधीच नसतात. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला कुणी आमंत्रणच धाडत नाही! आणि शिकवण चांगली आहे म्हणून शांतता येते म्हणावं, तर १९९४ साली रवांडात मारणारे आणि मरणारे बहुतेक ख्रिस्तीच होते. चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांची चर्चमध्येच कत्तल झाली. शिकवण दोन्ही बाजूंना पाठ होती.

तेव्हा शिकवण नव्हे, धर्माच्या माणसांनी युद्ध थांबवायला नेमकं काय केलं, हे पाहायला आपण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिककडे जाऊ. हा देश आपल्याला परका वाटतो, पण गोव्याच्या मंडळींना सांगायला नको: १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे होता. स्वातंत्र्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे एक जवळचे सल्लागार, आकिनो द ब्रागांसा, जन्माने गोव्याचे. १९८६ साली माशेल यांच्याबरोबर त्याच विमान अपघातात तेही गेले. असो, भरकटलो.

१९७५ साली देश स्वतंत्र झाला, स्वातंत्र्यासाठी लढलेल्या फ्रेलिमो या पक्षाची सत्ता आली. मार्क्सवादी सरकार, त्यामुळे मिशनच्या शाळा आणि दवाखाने सरकारजमा झाले. पुढे रेनामो ही बंडखोर सेना उभी राहिली. तिला आधी ऱ्होडेशियाने (आजचा झिंबाब्वे) पोसलं, मग गोऱ्या दक्षिण आफ्रिकेने. युद्धात आणि उपासमारीत मिळून सुमारे दहा लाख माणसं मेली. सरकार रेनामोला सशस्त्र दरोडेखोर म्हणत असे, आणि दरोडेखोरांशी वाटाघाटी कशा करणार? १९९० च्या जूनमध्ये मलावीत ब्लांटायरला भेट ठरली, रेनामोचे लोक आलेच नाहीत. पुढच्याच महिन्यात दोघं रोमला भेटले, सांत एजिदिओ या कॅथलिक मंडळाच्या वास्तूत. ही वास्तू म्हणजे त्रास्तेव्हेरे भागातला एक जुना मठ.

आता हे मंडळ कोण? १९६८ साली आंद्रेआ रिक्कार्दी या शाळकरी मुलाने मित्रांना घेऊन सुरू केलेलं. प्रार्थना करायची आणि गरिबांत काम करायचं. सैन्य नाही, तेल नाही, बंदर नाही. मग यांच्याकडेच का? कारण ओळख जुनी होती. मोझांबिकमधल्या बैरा शहराचे आर्चबिशप जाइमे गोंसाल्व्हिस विद्यार्थी म्हणून रोमला असताना, सत्तरच्या दशकात, ती झाली. चर्चवर सरकारची वक्रदृष्टी होती, तेव्हा मंडळाने इटालियन कम्युनिस्टांचे नेते बेर्लिंग्वेर यांच्यामार्फत फ्रेलिमोपर्यंत वाट काढली. धर्मवाल्यांनी कम्युनिस्टाकरवी निरोप धाडला! दुसरीकडे गोंसाल्व्हिस १९८८ साली जंगलात जाऊन रेनामोचे प्रमुख ढ्लाकामा यांना भेटून आले. ढ्लाकामा त्यांच्याच न्दाऊ जमातीचे. पुढच्या वर्षी चर्चच्या पुढाऱ्यांनी नैरोबीत रेनामोची गाठ घेतली.

रोममध्ये चौघे जण बसले: रिक्कार्दी, फादर मात्तेओ झुप्पी, गोंसाल्व्हिस आणि इटालियन सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली. सुरुवातीला हे नुसते निरीक्षक होते. मध्यस्थ कोणता देश असावा यावर दोन्ही बाजूंचं जमेना, तेव्हा ऑगस्टमध्ये या चौघांनाच मध्यस्थ केलं. पहिल्या संयुक्त निवेदनात दोन्ही पक्ष 'एकाच मोठ्या मोझांबिकी कुटुंबाचे' असल्याचं लिहिलं गेलं. ऐकायला गुळगुळीत वाटतं, पण त्या ओळीवर सही केली की समोरच्याला दरोडेखोर म्हणणं अवघड होतं. एकमेकांना पक्ष म्हणून मान्यता देणारा पहिला प्रोटोकॉल, म्हणजे कराराचा पहिला भाग, व्हायला तरी ऑक्टोबर १९९१ उजाडला. एकूण ११ फेऱ्या, ७ प्रोटोकॉल, २७ महिने. सरकारी मुत्सद्द्याची एवढ्यात बदली होते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि ढ्लाकामा यांनी सह्या केल्या.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे खरा मुद्दा आता पळत पळत.

श्रद्धा एकटीने हे करत नाही. शीतयुद्ध संपलं होतं, दक्षिण आफ्रिकेची मदत आटली होती, दुष्काळ होता. आणि सह्यांनंतरचं काम रोमचं नव्हतंच. सैनिक ४९ ठिकाणी एकत्र आणून नि:शस्त्र करायचे, नवं सैन्य ३०,००० चं, दोन्हीकडून निम्मं निम्मं, घरी जाणाऱ्याला दोन वर्षांचा भत्ता. हे संयुक्त राष्ट्रांनी केलं, त्यात भारतीय तुकडीही होती. अंगोलात सैन्य विसर्जित होण्याआधीच १९९२ ला निवडणूक उरकली, तिथले बंडखोर नेते साविंबी यांनी निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा पेटलं. मोझांबिकने आधी सैन्य विसर्जित केलं, मग ऑक्टोबर १९९४ मध्ये मतदान.

मग श्रद्धेचा वाटा कुठे? एक, स्वतःला सत्तेत काही नको असलेला माणूस. दोन, दोन्हीकडची ओळख, तीही भांडणाच्या आधीपासूनची. तीन, गावात शेवटपर्यंत राहणारी माणसं. संयुक्त राष्ट्रांनी हत्यारं गोळा केली, पण बरीचशी मोडली नाहीत, ती पुन्हा बाहेर झिरपली. म्हणून १९९५ साली अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने चर्च परिषदेने वेगळी रीत काढली: बंदूक आणा, सायकल, शिलाई मशीन, कुदळ किंवा पत्रे न्या. नाव विचारायचं नाही आणि हत्यार कापून टाकायचं. कापलं नाही तर ते परत बाजारात जातं. त्याच तुकड्यांची कलाकारांनी शिल्पं केली, त्यांतले एक केस्टर, त्यांनी २००१ मध्ये केलेली खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गावोगावचे पारंपरिक वैदूही विसरू नका. परतलेल्या सैनिकाला, मग तो बालसैनिक का असेना, घरात घेण्याआधी औषधी पाण्याने शुद्ध करायचे, जुने कपडे जाळायचे. हे चर्चचं नव्हे, पण श्रद्धेचंच काम.

अपयशंही आहेत. जानेवारी १९९५ ला सांत एजिदिओ मंडळानेच रोममध्ये अल्जीरियाच्या विरोधी पक्षांचा करार घडवला, सरकारने तो झिडकारला. टेबलाची एक बाजू रिकामी होती. मोझांबिकमध्येही २०१३ ला रेनामो पुन्हा बंदुकीकडे वळली, नवा करार २०१९ चा. आणि उत्तरेत काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून इस्लामच्या नावाने बंड चालू आहे. तिथे अडचण सुरुवातीचीच आहे, बोलायला बसेल असा चेहराच त्या बाजूने पुढे येत नाही. त्यामुळे सध्या तिथल्या मशिदी आणि चर्च निर्वासितांना अन्न आणि आसरा देण्याचं काम करताहेत, वाटाघाटींचं नाही.