अंगणातली बदके आणि घमेलेभर पाणी

[दृश्य : गोव्यातील सावईवेरे येथील एका कुळागरातील, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेतील, सकाळ. पोफळींच्या शेंड्यांवर धुके. खुराड्याच्या जाळीमागे हालचाल.]

सकाळचे सात वाजले आहेत आणि खुराड्यातला गोंगाट ऐकून नवख्याला वाटावे की आत वीस-पंचवीस पक्षी कोंडले आहेत. प्रत्यक्षात ती सहाच बदके आहेत, पाच माद्या आणि एक नर. कितीही आरडाओरडा झाला तरी साडेआठच्या आधी हे दार आम्ही उघडत नाही, कारण बदकी बहुधा रात्र सरता सरता किंवा सकाळी लवकर अंडे घालते आणि तिला त्याआधी मोकळे सोडले, तर ते अंडे पेंढ्यात न पडता पोफळीच्या मुळाशी नाहीतर पाटाच्या पाण्यात सापडते. दोनदा ते आमच्याआधी मुंगसाला सापडले, तेव्हापासून हा नियम कटाक्षाने पाळला जातो.

या गोंगाटाचे श्रेय सर्वस्वी माद्यांचे आहे. नराचा आवाज घसा बसल्यासारखा, कुजबुजीच्या जवळ जाणारा असतो. पिले मोठी होऊ लागली की नर-मादी ओळखण्याची पहिली खूण हीच, आणि पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वरच्या बाजूला वळून गोल होतात तेव्हा शंका उरत नाही. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. नर जास्त झाले की ते माद्यांच्या मानेवरची पिसे उपटून काढतात. आणि एकटे बदक तर कोणी पाळूच नये, तो पक्षी कळपाचा आहे.

आमची बदके खाकी कॅम्पबेल जातीची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर व रुआँ या पाळीव जाती आणि रानटी मॅलार्ड बदक यांच्या संकरातून ही जात तयार केली. चांगली बदकी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते. आमच्या बदकींनी तो आकडा कधीच गाठलेला नाही आणि त्याविषयी आमची तक्रारही नाही.

[दृश्य : दार उघडते. सहाही बदके एका रांगेत, डुलत, थेट घमेल्याकडे.]

त्यांनी दाण्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे. आधी पाणी. बदकाच्या नाकपुड्या चोचीच्या वरच्या बाजूला असतात आणि त्या धुण्यासाठी, तसेच डोळे स्वच्छ ठेवण्यासाठी, त्याला संपूर्ण डोके बुडेल इतके खोल पाणी लागते. कोंबड्यांना ठेवतो तशा उथळ ताटलीने त्याची तहान भागेल, पण काही दिवसांत डोळ्यांच्या कडांना खपल्या धरू लागतील. तळे असलेच पाहिजे असे नाही. बांधकामावरचे एक खोलगट घमेले आणि अंग भिजवण्यासाठी एक जुने प्लास्टिकचे टब एवढ्यावर आमचे भागते. मात्र ते पाणी दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा बदलावे लागते, आणि बदक पाळण्यातले खरे कष्ट आहेत ते इथे. भरलेले घमेले दहा मिनिटांत चहाच्या रंगाचे होते, कारण प्रत्येक घासागणिक बदक चोचीतला दाणा घेऊन पाण्याशी जाते, तिथून माती चोचीत घेऊन परत दाण्याशी येते, आणि या येरझाऱ्यांत अंगणाचा तेवढा भाग रोज नव्याने चिखल होतो. पहिल्याच महिन्यात आजी म्हणाली होती, ‘अरे, तू बदके नव्हे, चिखल पाळलास!’ आता तेच गढूळ पाणी ती स्वतः केळींच्या बुंध्याशी नेऊन ओतायला लावते, आणि त्या केळी कुळागरातल्या इतर केळींहून डोळ्यांत भरण्याइतक्या तरारल्या आहेत.

[दृश्य : टबातील बदकी. मान मागे, चोच शेपटीच्या मुळाशी.]

आंघोळ झाली की हा दुसरा कार्यक्रम सुरू होतो. शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. चोचीने तिचा तेलकट स्राव घेऊन बदक तो पिसापिसावर फिरवते आणि पिसांची वीण नीट बसवते. पाण्याचा थेंब मोत्यासारखा निथळून पडतो तो याच मेहनतीमुळे. अर्धा-पाऊण तास हे चालते आणि आमच्या घरातील निम्मी कामे त्या वेळात खोळंबतात, कारण सोप्यावर बसलेला माणूस ते पाहत बसतो.

ही बदके आमच्याकडे आली ती यंत्रात उबवलेली, दोन दिवसांची पिले म्हणून. अंडी उबायला अठ्ठावीस दिवस लागतात. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिलांना तिच्या पिसांवरचे तेल लागते. यंत्रातल्या पिलांना ते मिळत नाही, आणि त्यांना पाण्यात सोडून दिले तर ती भिजून, गारठून दगावू शकतात. बदकाच्या पिलाला पाण्यापासून जपावे लागते, हे शेजाऱ्यांना पटवताना आमची पुरेवाट झाली. पहिल्या आठवड्यात सुमारे 32 अंश सेल्सिअस ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवावी. खोक्यातली पिले दिव्याखाली दाटी करू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून दूर पांगली तर उकडते आहे, असे समजावे. जूनच्या पहिल्याच वादळात रात्रभर वीज गेली तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आम्ही सकाळ काढली.

तिसऱ्या आठवड्यात एका पिलाचे पाय गुडघ्यांशी फाकू लागले. चूक आमचीच होती. आम्ही त्याला कोंबडीच्या पिलांचे खाद्य देत होतो, आणि बदकाच्या पिलाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलाहून बरेच अधिक लागते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून खाद्यात यीस्टची पूड मिसळल्यावर ते पिल्लू सावरले. रांगेत सर्वांत मागे, किंचित लंगडत चालणारी बदकी आजही ओळखू येते ती त्यामुळे.

[दृश्य : पावसाची सर. अंगणात चोची खुपसत फिरणारी बदके.]

पावसाळा त्यांचा आणि चिंता आमची. आफ्रिकन गोगलगायींची बारीक पिल्ले आणि गांडुळे ती दिवसभर टिपत असतात. पण याच दमट हवेत खाद्याच्या पोत्याला बुरशी येते, आणि बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदके विलक्षण हळवी असतात. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या दूषित पेंडीने लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि बदकांची पिलेही दगावली. पुढे हे विष ओळखण्यासाठी बदकाच्या पिलांचाच चाचणीत उपयोग केला गेला. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही आठवड्यापुरतेच खाद्य आणतो, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि किंचितही कुबट वास आला तरी फेकून देतो.

सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की सहाही माद्या-नर माना उंचावून फाटकाशी जमतात, कारण एकेकाळी मुलांनी त्यांना पोये या पावाचे तुकडे घालायची सवय लावली होती. ती आता मोडली आहे. पावाने पोट भरते, पोषण होत नाही. भिजवलेले भात, मक्याचा भरडा, कोंडा, चिरलेली तांबडी भाजी आणि शिंपल्यांचा चुरा यांवर ती खूश असतात. चिऱ्यांच्या खरखरीत पायऱ्यांनी त्यांचे तळवे सोलून निघून गाठी धरतात, म्हणून तिथे आम्ही गोणपाट अंथरले आहे.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात दिसणाऱ्या अडई आणि हळदी-कुंकू बदकांना पाहून कोणाला मोह झालाच, तर ते रानपक्षी आहेत आणि त्यांना पकडणे कायद्याने गुन्हा आहे. घरची बदके तिथे नेऊन सोडणेही तितकेच चुकीचे, कारण रोग दोन्ही बाजूंनी पसरतो.

[दृश्य : तिन्हीसांज. विजेरीचा झोत.]

कोंबड्या अंधार पडू लागला की आपणहून खुराड्यात शिरतात. बदकांना हाकावे लागते. हात पसरून मागून हळू चालायचे, ‘चला, चला’ म्हणायचे आणि मोजायचे. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी आहे; साधी कोंबड्यांची जाळी रानमांजर फाडते आणि छोट्या फटीतून साप आत येतो. सहा. दाराला दोन कड्या.

आत ती एका ओळीत बसली आहेत. मॅलार्ड बदकांवरील 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की ओळीच्या टोकाला झोपणारा पक्षी मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतो. विजेरी मंद करून पाहा. मधली चार गाढ झोपली आहेत. डावीकडच्या टोकाला ती लंगडी बदकी आहे, आणि दाराकडचा तिचा डोळा टक्क उघडा आहे.