जुन्या बाजारातली शंभर कोटींची नोट

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी जुन्या नाण्या-नोटांचे विक्रेते जमिनीवर पथारी टाकून बसतात. तिथे मला एकदा एक जर्मन नोट मिळाली. मूळची एक हजार मार्कांची, डिसेंबर 1922 ची. तिच्यावर तांबड्या शाईत नवा छाप मारलेला: शंभर कोटी मार्क. 1923 च्या नोव्हेंबरात अशा 4,200 नोटा मोजाव्यात, तेव्हा कुठे एक डॉलर हाती यायचा.

मी इतिहास शिकवत होतो तेव्हा ही नोट वर्गात हातोहात फिरायची. मुलं लगेच म्हणायची, "सर, म्हणूनच हिटलर आला ना?" मीही मान डोलवायचो. आज ती चूक दुरुस्त करायची आहे.

कारण सनावळी वेगळं सांगते. हिटलरचं म्युनिकमधलं बंड त्याच नोव्हेंबर 1923 मध्ये फसलं. पुढे चलन सावरलं आणि 1928 च्या निवडणुकीत नाझींना मतं पडली फक्त 2.6 टक्के, 491 पैकी 12 जागा. लोक गरिबीने पोळले होते, तरी त्यांनी या पक्षाला उभं केलं नव्हतं.

मग 1929 ची मंदी आली. अमेरिकेची कर्जं परत जाऊ लागली, कारखान्यांना टाळी लागली. मार्च 1930 मध्ये बेकारी विम्याची वर्गणी किती वाढवायची, या वादावर आघाडी सरकार कोसळलं. मला विचाराल तर घात इथेच झाला. त्यानंतर कुठल्याही सरकारला संसदेत टिकाऊ बहुमत जमवता आलं नाही. राज्यघटनेच्या 48 व्या कलमाखाली अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने वटहुकूम निघू लागले. पगार कापले गेले, कर वाढले, सगळं सहीनिशी. 1932 या अख्ख्या वर्षात संसदेने केलेले कायदे जेमतेम पाच! आपण निवडून दिलेल्यांच्या हातात काहीच नाही, हे लोकांना रोज दिसत होतं. बेकार साठ लाखांवर गेले होते. अशा वेळी नाझी गावोगाव सभा घेत होते. कर्जबाजारी शेतकऱ्याशी कर्जाचं बोलायचे, किरकोळ दुकानदाराशी मोठ्या दुकानांचं. आणि सगळ्याचं खापर फोडायचे ज्यूंवर, जे लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. रस्त्यावर त्यांच्या तपकिरी गणवेशातल्या टोळ्यांची मारहाण चालूच होती. जुलै 1932 मध्ये 230 जागा मिळवून तो सर्वांत मोठा पक्ष झाला.

पण बहुमत नव्हतंच. उलट नोव्हेंबरात त्या जागा 196 वर आल्या. ओहोटी लागली होती, श्रोतेहो! हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. त्याच वेळी माजी चॅन्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) पापेन आणि त्यांच्या गोटातल्या प्रतिष्ठितांनी आतून कडी काढली. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच, बाकी आपली माणसं, तेव्हा त्याला आवरू, असा त्यांचा हिशेब होता. 30 जानेवारी 1933 ला हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं.

27 फेब्रुवारीच्या रात्री संसदभवन जळालं. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, वृत्तपत्रं, सगळ्यांचं स्वातंत्र्य गेलं. वापरलं तेच 48 वं कलम. तीन वर्षांत लोकांना त्याची सवय झाली होती.

23 मार्चला क्रोल ऑपेरागृहात संसद भरली. आत-बाहेर गणवेशातले नाझी उभे. कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकणारं विधेयक मताला आलं. कम्युनिस्ट खासदारांपैकी एकालाही येता आलं नाही. ते तुरुंगात होते किंवा लपले होते. कॅथलिकांच्या मध्यममार्गी पक्षाने आश्वासनांवर भरवसा ठेवून होकार दिला. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते ओटो वेल्स विरोधात बोलायला उठले. बाजूने 444 मतं पडली, विरोधात 94. ती सगळीच्या सगळी वेल्स यांच्या पक्षाची. त्यांचे 120 जण निवडून आले होते.