बुजलेली वाट, नाकाकडून

[दृश्य : स्ट्रासबुर्ग शहराची जुनी चित्रं. अरुंद गल्ल्या, उतरती छपरं.]

सप्टेंबर १७७०. सव्वीस वर्षांचा एक जर्मन लेखक स्ट्रासबुर्गमध्ये उतरतो. नाव योहान गॉटफ्रीड हेर्डर. त्याच्या एका डोळ्याला बारा महिने धार लागलेली. पाणी नाकात उतरत नाही, कोपऱ्यातच साठतं. लोबस्टाइन नावाच्या इथल्या नामांकित शल्यचिकित्सकाकडून तो इलाज करून घेणार असतो.

त्याच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ येऊन बसणारा एक विद्यार्थी आहे, वय एकवीस. गटे. हो, पुढे शाकुंतलावर लुब्ध झाला तोच जर्मन कवी. शस्त्रक्रियेच्या वेळी तो हजर होता आणि काय काय केलं ते त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. अश्रूपिशवीचा, म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकाकडे जाताना जिथून जातं त्या पिशवीचा, तळ कापायचा. शेजारच्या हाडाला भोक पाडायचं. आणि ते भोक मिटू नये म्हणून त्यातून घोड्याचा केस ओवून तो रोज मागे-पुढे ओढायचा. भूल नाही. ईथरची भूल यायला अजून पाऊणशे वर्षं होती. हेर्डरने सगळं निमूटपणे सोसलं. महिने गेले, पुन्हा पुन्हा कापाकापी झाली, आणि पुढच्या वसंतात तो शहर सोडून निघाला तेव्हा डोळा बरा झालेला नव्हता.

पण लोबस्टाइन यांचा विचार बरोबर होता. आजचे डॉक्टर हेच करतात. पिशवीतून नाकात नवी वाट काढायची, त्यासाठी हाडाला खिडकी पाडायची, वाट मिटू नये म्हणून मध्ये काहीतरी ठेवायचं. घोड्याच्या केसाच्या जागी आता सिलिकॉनची नळी आलीय, इतकंच. लोबस्टाइन अडले ते एका गोष्टीपाशी: नाकाच्या आत काय होतंय ते त्यांना दिसत नव्हतं.

[दृश्य : आरसा. एक बाई खालची पापणी बोटाने किंचित ओढून बघते आहे.]

पापणीच्या काठावर, नाकाच्या बाजूला, एक इवलंसं छिद्र असतं. रुंदी मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. वरच्या पापणीलाही असंच एक. दोन्हींपासून निघालेल्या बारीक नळ्या सेंटिमीटरभर जाऊन अश्रूपिशवीला मिळतात. पिशवी बसलेली असते नाकाच्या मुळाशी, हाडाच्या खोबणीत. तिच्या खालून निघणारी नलिका हाडातूनच उतरते आणि नाकात उघडते. रडताना नाक गळतं ते यामुळेच.

वाट बुजते ती बहुतेक वेळा या शेवटच्या, हाडातल्या टप्प्यात. चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, कारण त्यांची हाडातली ही वाट मुळात अरुंद असते. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कोपऱ्यावर बोट दाबलं की छिद्रातून चिकट पू वर येतो. आणि तरीही माणसं वर्षानुवर्षं पदराने, रुमालाने डोळा टिपत राहतात. दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना!

[दृश्य : नेत्र रुग्णालयाची ओपीडी. बाकावर साठीच्या मावशी. तंत्रज्ञ पापणीच्या छिद्रात बोथट सुई सरकवतो, सिरिंज हळूच दाबतो.]

“मावशी, घशात काही उतरलं का? खारट लागतंय?”
“नाही रे बाबा. सगळं गालावरच आलंय.”

सिरिंजिंग म्हणतात ते हेच. सलाइन घशात उतरलं तर वाट मोकळी. एका छिद्रातून घातलं आणि दुसऱ्यातून उसळून आलं, तर पुढे बंद. ही युक्तीही जुनीच. दोमिनिक अनेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १७१३ च्या सुमारास इटलीत बारीक सिरिंज आणि सळई वापरून अश्रूमार्ग धुवायला सुरुवात केली होती.

या मावशी आल्यात खरं तर मोतीबिंदूसाठी. पण पिशवीत पू असताना शस्त्रक्रियेसाठी डोळा उघडला, तर जंतू आत शिरून अख्खा डोळा जाऊ शकतो. म्हणून आधी पिशवी, मोतीबिंदू नंतर.

[दृश्य : जुनी वैद्यकीय रेखाचित्रं.]

फ्लॉरेन्सच्या अड्डेओ टोटी यांनी १९०४ मध्ये बाहेरची वाट पक्की केली. डोळा आणि नाक यांच्या मधली कातडी कापायची, हाड काढायचं, पिशवी नाकात उघडायची. या शस्त्रक्रियेचं लांबलचक नाव ओपीडीत कोणी घेत नाही, सगळे डीसीआरच म्हणतात. हात बसलेला असेल तर नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांचं पाणी थांबतं. आजही ती चुकीची किंवा मागासलेली शस्त्रक्रिया नाही, हे सांगायलाच हवं. व्रण सेंटिमीटरभराचा, तोही बहुतेकांचा पुढे दिसेनासा होतो.

नाकाच्या आतून जायची कल्पना टोटींच्याही आधीची. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच ती मांडली होती. पण नाकाची पोकळी अरुंद, अंधारी, आणि जरा धक्का लागला की रक्ताने भरणारी. त्यामुळे कल्पना पडून राहिली.

ती उठली उजेडामुळे. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९६० च्या सुमारास शरीराच्या आत बघायची, काचेच्या दांड्यांची दुर्बीण बनवली. हवेऐवजी काचेतून प्रकाश नेल्यामुळे आतलं चित्र लख्ख दिसू लागलं. (पंजाबचे नरिंदरसिंग कपानी हे यांचेच विद्यार्थी. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं, हे या दोघांनी १९५४ मध्ये दाखवलं.) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ती दुर्बीण सायनससाठी उचलली आणि १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मायरिंग या दक्षिण आफ्रिकेतल्या जोडीने तिच्या मदतीने नाकातून डीसीआर केल्याचं प्रसिद्ध केलं.

[दृश्य : शस्त्रक्रियागृह. पडद्यावर नाकाचा आतला भाग, गुलाबी, ओलसर.]

रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून नाकात औषधात भिजवलेल्या पट्ट्या आधीच ठेवलेल्या आहेत. त्या काढल्या. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत गेली. अस्तराचा एक पदर कापून मागे सारला, खाली पांढरं हाड. पुढचा भाग टणक, तो पंच नावाच्या हत्याराने कुरतडत काढावा लागतो. प्रत्येक घासाला बारीकसा कटकन आवाज येतो. मागचं हाड मात्र कागदासारखं, चिमट्यातच निघतं.

आता सहायक बाहेरून डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबतो. पडद्यावर काहीतरी हललं. तीच पिशवी. पापणीच्या छिद्रातून घातलेल्या सळईने तिची भिंत आतून उचलली जाते आणि त्या उंचवट्यावर सुरी चालते. साचलेला घट्ट पू भसकन नाकात येतो, सक्शन तो ओढून घेतो. पिशवीचे पदर नाकाच्या अस्तराला टेकवून बसवले, की वाट तयार. गरज वाटली तर सिलिकॉनची नळी. ती काही आठवड्यांनी ओपीडीतच निघते.

बाहेरून चेहऱ्यावर एकही टाका नाही.

लेसरचं काय? ‘लेसर’ म्हटलं की निम्मं बरं वाटायला लागतं, जाहिरातीही तशाच असतात. पापणीच्या छिद्रातून लेसरचा तंतू घालून हाड जाळता येतं, वेळ कमी लागतो, रक्त जवळजवळ येत नाही. पण खिडकी लहान पडते, उष्णतेने आजूबाजूला व्रण धरतो आणि वाट पुन्हा मिटण्याची शक्यता वाढते. कमी चिरफाड म्हणजे जास्त यश, असा हिशेब इथे नाही. दुर्बिणीतून मोठी खिडकी पाडता येते, म्हणूनच ती बाहेरच्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड उतरते.

तान्ह्या बाळाचा डोळा गळत असेल तर मात्र घाई नको. नलिकेच्या टोकाचा पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो. डॉक्टरांनी दाखवलेला मसाज केला, तर दहातली नऊ बाळं पहिल्या वर्षात आपोआप बरी होतात. उरलेल्यांना सळई घालून वाट मोकळी करतात. कोपरा लाल होऊन सुजला किंवा ताप आला, तर थांबायचं नाही.

[दृश्य : पुन्हा तपासणीची खोली. डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब, पडद्यावर नाकाचा आतला भाग.]

नवी वाट चालते का, हे तपासायला डोळ्यात रंगीत थेंब टाकतात आणि तो नाकात उतरतो का ते दुर्बिणीतून बघतात. सुरुवातीला नाक जोरात शिंकरायला मनाई, नाकात सलाइनचे फवारे. पुढे काही जण काळजीत पडून येतात: “डॉक्टर, नाक शिंकरलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा येते हो.” डॉक्टर हसतात आणि केसपेपरवर लिहितात, वाट मोकळी.