वस्तूला कोनाडा द्या

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे जे खरेदीची यादी घ्यायला आले असतील त्यांना अजून बाहेर चहाच्या स्टॉलवर जाता येईल. घर सजवायला काय विकत आणावं हे मी आज फारसं सांगणार नाही. घरात जे आहे ते कुठे ठेवावं आणि किती ठेवावं, यावर बोलणार आहे.

जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असायच्या. माती, विटा, चुना. एवढी जाडी हाताशी असल्यावर गवंडी दाराच्या दोन्ही अंगांना, जिन्याच्या वळणावर, देवघराशेजारी भिंतीतच कोनाडे सोडायचा. वर छोटीशी महिरप, खाली हातभर जागा. त्यात एक दिवा, नाहीतर कुंकवाचा करंडा, नाहीतर किल्ल्यांचा जुडगा. कोनाड्यात गर्दी होत नाही, कारण होऊच शकत नाही. चार वस्तू कोंबल्या की पाचवी खाली पडते. तिन्ही बाजूंनी सावली, मध्ये एक वस्तू, त्यामुळे साधी पणतीसुद्धा तिथे उठून दिसायची. सजावटीचं सगळं शास्त्र मला त्या गवंड्याच्या हातात दिसतं.

फ्लॅटमध्ये हे गेलं. बाहेरची भिंत सहा इंच, आतली चार इंच. चार इंचांच्या भिंतीत कोनाडा कोरायला गेलात तर शेजारच्या खोलीत निघाल. त्यात वायरिंग आणि पाण्याचे पाइप. आणि कॉलमला हात लावायचाच नाही, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. मग कोनाड्याची जागा घेतली शोकेसने. दिवाणखान्याची अख्खी भिंत, काचेची सरकती दारं. आत मुलाच्या ट्रॉफ्या, आग्र्याचा ताजमहाल, बाटलीतलं जहाज, कोणाच्या तरी बारशाला मिळालेला काचेचा गणपती. मी या वस्तूंना हसत नाही. प्रत्येकीमागे माणूस आहे. पण पन्नास वस्तू एका ओळीत उभ्या केल्या की पाहुण्याची नजर त्यांच्यावरून घसरत थेट टीव्हीवर जाते.

तर पहिलं काम रिकामं करण्याचं. सगळं काढा, जमिनीवर चादर पसरून मांडा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेकच वस्तू उचलायला सांगा. माझ्याकडे घर सजवून घ्यायला एक कुटुंब आलं होतं. नव्या घरासाठी त्यांना बुद्धाचं मस्तक हवं होतं, पितळी, मोठं. का, तर दुकानात छान दिसलं. बोलता बोलता कळलं की आजोबा शिंपी होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची लोखंडी कात्री होती, लाकडी गज होता आणि कापडावर खुणा करायचा खडू होता, झिजून नखाएवढा झालेला. ती कात्री, तो गज आणि तो खडू आम्ही एका खोल चौकटीत मांडले, मागे साधं मांजरपाट. आता घरी येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो आणि विचारतो. बुद्धाबद्दल कोणी काही विचारलं असतं असं मला वाटत नाही.

कोनाडा द्यायचा म्हणजे भिंत फोडायलाच हवी असं नाही. प्लायची पाच इंच खोल पेटी भिंतीवर बसवता येते. दोन कपाटांच्या मधली फट असते, तिचा कोनाडा होतो. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे रंगाचा कोनाडा. बाकाच्या मागे पांढऱ्या भिंतीवर तीन फूट रुंद, चार फूट उंच महिरप आखायची आणि आत गेरूच्या जवळ जाणारा लाल रंग भरायचा. एक लिटरचा डबा पुरून उरतो. कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावा आणि रंग पुरता वाळायच्या आत ती काढा, नाहीतर टेपबरोबर पापुद्रा येतो. वरची कमान आखायला खिळा, सुतळी आणि पेन्सिल. एवढ्या कामाला आर्किटेक्ट लागत नाही.

फोटोंबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी घरात सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर होतो. आपल्याकडे फोटो लावतात छताला टेकवून, दाराच्या चौकटीच्याही वर, पुढे झुकवून. पूर्वजांच्या तसबिरींना ते शोभतं. त्यांनी वरून आपल्याकडे बघावं हीच अपेक्षा असते. पण लेकीचा फोटो, चित्र, नकाशा नजरेच्या उंचीवर हवा. चौकटीचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास. सोफ्याच्या वर लावत असाल तर सोफ्याची पाठ आणि चौकट यात वीतभर अंतर पुरे. यापेक्षा वर गेलं की चित्र आणि सोफा एकमेकांना ओळखत नाहीत.

मग उजेड. तांब्याचं घंगाळ, पितळी समई, लाकडी पाट या सगळ्यांचा रंग उबदार आहे आणि आपण त्यांना ट्यूबलाइटच्या निळसर पांढऱ्या उजेडात मारून टाकतो. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या छटेचा आकडा लिहिलेला असतो. 6500 के म्हणजे तो दवाखान्यातला उजेड, 2700 किंवा 3000 के म्हणजे पिवळसर. अभ्यासाच्या टेबलावर, ओट्यावर पांढरा ठेवा, माझी काही तक्रार नाही. पण कोनाड्यात तीन वॉटचा पिवळा, वरून किंवा बाजूने. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम तुम्ही पाहिलं असेल. तांब्याच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांच्या ओळीच्या ओळी असतात. ते ठोके दिसतात ते बाजूने उजेड आला तरच. समोरून झोत मारला की सगळं सपाट.

वारलीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण हल्ली सजावट म्हटलं की लोक आधी वारली म्हणतात. कपावर वारली, पडद्यावर वारली, संडासाच्या टाइलवर वारली. हे चित्र कुठून आलं ते बघा. डहाणू-तलासरी भागात लग्नघरी कुडाच्या, सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, चघळून टोक मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघाट ही लग्नाची देवी. म्हणजे मुळात हे लग्नाचं विधीचं काम आणि बायकांचं काम. 1970 च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्न नसतानाही रोज चित्रं काढायला सुरुवात केली आणि तारपा नावाच्या फुंकवाद्यावरचा तारपा नाच, शेतं, मासेमारीची जाळी, मुंग्यांच्या रांगा कागदावर आणि कापडावर आल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जाळ्याच्या चित्रात एकेक धागा वेगळा दिसतो. छापील पडद्यावर त्रिकोणी माणसं एकाच साच्यातून निघालेली असतात, नाच असतो पण पाय हलत नाहीत.

म्हणून माझा हट्ट असा की वारली घ्यायची तर एकच, हाताने काढलेली, चित्रकाराचं नाव असलेली. वहीच्या पानाएवढी चालेल. तिच्याभोवती दोन-दोन फूट भिंत मोकळी सोडा. आणि तिच्याबरोबर वारलीची उशी, वारलीचा लँपशेड ठेवू नका, तिची तिला लाज वाटते. दिवाणखान्याच्या भिंतीवर देवीचा चौक शोभेला रंगवून घ्यावा का, असं विचारतात. मी तरी नाही म्हणते. तारपा घ्या, शेत घ्या. चौक ज्यांच्या लग्नाचा आहे त्यांच्या घरी राहू द्या.

फरशीतही कोनाडा करता येतो. गिरगावातल्या, दादरच्या जुन्या इमारतींतल्या त्या रंगीत नक्षीच्या फरश्या आठवतात? त्यातल्या काही इंग्लंडहून आलेल्या मिंटन कंपनीच्या, भाजलेल्या मातीच्या. पण बऱ्याचशा सिमेंटच्या, इथेच बनलेल्या. भारत फ्लोअरिंग टाइल्स हा मुंबईतल्या सिधवा कुटुंबाचा कारखाना 1922 मध्ये स्वदेशीच्या भावनेतून निघाला, तो आजही चालू आहे. ही फरशी भट्टीत जात नाही. लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा साचा ठेवतात, प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचं पातळ सिमेंट ओततात, साचा अलगद उचलतात, मागे कोरडं सिमेंट आणि वाळू भरून दाबयंत्राखाली घालतात आणि मग पाण्यात मुरू देतात. साचा उचलताना हात किंचित थरथरला तरी रेघ हलते. जवळून पाहिलंत तर दोन रंगांच्या कडेला ती हललेली रेघ सापडते.

सगळं घर या फरश्यांचं करू नका, डोकं गरगरेल. झोपाळ्याखाली किंवा दारातून आत आल्याबरोबर चार बाय सहा फुटांचा तुकडा घाला, बाजूने एकरंगी किनार. पण एक अडचण गवंडी येण्याआधी सोडवून ठेवा. ही फरशी पाऊण इंचाच्या आसपास जाड असते, आजची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल साधारण तिच्या निम्मी. खालचा थर आधीच त्या हिशेबाने घेतला नाही तर दिवाणखान्याच्या मधोमध पायरी होते. आणि कामवाल्या मावशींना ॲसिडची बाटली दाखवायची नाही. ॲसिड, लिंबू, व्हिनेगर सिमेंट खातात. साधं पाणी, फार तर सौम्य साबण.

आता आरास. याबाबतीत आपण मराठी लोक मुळात श्रीमंत आहोत आणि ते विसरलोय. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसते, तिच्यापुढे कैरीची डाळ, पन्हं, कलिंगड कापून केलेलं कमळ, अंगणात चैत्रांगण. महिनाभराने सगळं उठतं. गणपतीचं मखर येतं आणि जातं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरांचं कसं होणार म्हणून केवढा गलबला झाला. झालं काय, तर लोक पुठ्ठ्याकडे, कापडाकडे, आईच्या जुन्या नऊवारीकडे वळले आणि मखरं आधीपेक्षा देखणी झाली. माझं म्हणणं, वर्षभर हेच करा. घरातल्या निम्म्या शोभेच्या वस्तू ट्रंकेत ठेवा. पावसाळ्यात कोनाड्यात एक, दिवाळीला दुसरी. बदलायला दहा मिनिटं लागतात, आणि ट्रंकेतून बाहेर आलेली जुनी वस्तू नव्या खरेदीएवढीच गंमत आणते.

बागेकडे येते. बाग म्हणजे बहुतेकांची बाल्कनीच. तिथेही तीच शोकेस! चाळीस कुंड्या, चाळीस रंगांचं प्लास्टिक. कुंड्या एका रंगात आणा एवढ्यानेच निम्मं काम होतं. त्याला आपल्याकडे जुना उपाय आहेच. मातीच्या कुंडीला गेरू आणि काठाला चुन्याची पांढरी रेघ. गेरूत थोडा डिंक घाला, नाहीतर पहिल्या सरीत तो वाहून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर जातो. मग एक झाड राजा करा. ऊन पाच-सहा तास असेल तर मोठ्या कुंडीत मोगरा किंवा जास्वंद, सावली असेल तर नागवेल. बाकीची झाडं त्याच्या मागे, खाली. तुळस अर्थातच तिच्या मानाच्या जागी. कुंडी निवडताना वजनाचा विचार करा. बारा इंची मातीची कुंडी ओली झाली की पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते. अशा दहा कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कठड्याला लावून ठेवायच्या नसतात. जड कुंड्या आत, घराच्या भिंतीलगत.

घंगाळात कमळं फुलवायची हौस खूप जणांना असते. फुलवा, पण रोप प्लास्टिकच्या टबात लावून तो टब घंगाळात बसवा. घंगाळाला भोक पाडू नका, आजीची वस्तू आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तांब्याच्या घंगाळातल्या पाण्यात सोडू नका, तांबं माशांना विष आहे. टबात सोडा. बऱ्याच महापालिकांच्या मलेरिया विभागाकडे ते मिळतात. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत.

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेते आणि थांबते. "आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मालक खिळा ठोकू देत नाहीत, रंग लावू देत नाहीत. आम्ही काय करायचं?" पुष्कळ काही. चित्र भिंतीला टांगलंच पाहिजे असं नाही, बाकावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर टेकवून ठेवता येतं आणि तसं ते छानच दिसतं. मालकाची फरशी आवडत नसेल तर सोलापुरी सतरंजी टाका, पण सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील एवढी मोठी. लहान घेतलीत तर पायपुसणं वाटेल. रंगाचा कोनाडा हवा असेल तर प्लायचा तुकडा महिरपीच्या आकारात कापून घ्या, रंगवा आणि भिंतीला टेकवून उभा करा. घर सोडताना बरोबर नेता येतो. आणि राहायला गेल्या दिवशी आधी बल्ब बदला. मालकाचे जुने बल्ब खोक्यात घालून माळ्यावर ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा. निघताना ते परत लावायचे आणि आपले पिवळे काढून न्यायचे.